पंखा बंद करून वाजवलेला समुद्र

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. स्पीकरवर गिटार सुरू झाली आणि मी ती लगेच ओळखली. ह्यांची पहिली कॅसेट, आणि शेवटचीही. कव्हरवर नारळाची झाडं, निळं पाणी. आत एकही शब्द नाही, नुसती हलकी, वाऱ्यासारखी वाद्यं.

रेकॉर्डिंग आमच्या सोलापूरच्या खोलीत झालं, ऐन मे महिन्यात. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. घामानं ह्यांची बोटं तारांवरून घसरायची आणि टेपमध्ये मात्र समुद्राची झुळूक उतरायची. दुसऱ्यांना गारवा देणारी माणसं बहुतेक अशीच कुठेतरी उकडत बसलेली असतात.

शेजारची बाई रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, "जरा बारीक करा हो, झोप येते याच्यानं."

"एवढं संपू दे," मी म्हणाले.

धून संपली. शेवटच्या सुरामागे, कापायचं राहून गेलेलं, अगदी पुसट ऐकू आलं, "लाव गं पंखा."

ह्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. दवाखान्यात एसी होता, माझे हात गारठले होते. तरी मी उठले आणि भिंतीवर बटण शोधू लागले.