छापील बाजू

आमच्या घरी कागद म्हणजे पत्रक. गुलाबी, पिवळा, फिकट हिरवा, एका बाजूने छापलेला आणि दुसऱ्या बाजूने कोरा. वाटून उरलेले गठ्ठे पलंगाखाली असत. शाळेत जाण्याआधी मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर, त्यामुळे मला आलेले पहिले शब्द ‘जाहीर निषेध’ हे होते. पत्रकं बाबा लिहायचे. दिवसा ते एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कारकून होते, बरीच वर्षं हंगामीच. मी शिकत होते ती शाळाही त्याच संस्थेची.

नववीत गणिताच्या सरांनी एक दिवस वर्गात कागदाचा घन आणला आणि तो माझ्या बाकावर सोडून दिला. तो फुटला नाही. सहा तुकडे होते, प्रत्येक तुकड्याला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात. डिंक नाही, दोरा नाही. “एकानेही हात सोडला तर सगळे सुटतात,” सर म्हणाले. ही कला जपानी लोकांची, एवढंच ते सांगू शकले. बाकीचं मी घनच उकलून शिकले.

त्या वर्षी मी दुसरं काही केलं नाही. घनावरून बारा तुकड्यांवर गेले, मग तीस तुकड्यांच्या गोळ्यावर, ज्याच्यावर सगळीकडून त्रिकोणी शिखरं उभी राहतात. कागद अर्थातच पलंगाखालचा. तो लांबट असायचा. चौरस करायला खालची पट्टी कापावी लागे आणि त्या पट्टीतच ‘आपले नम्र’ आणि निमंत्रकांची नावं असत. बाबा बघून हसले होते.

“आमची नावं उडवलीस की गं!”

“मजकूर ठेवलाय ना?”

“मग चालेल.”

हलका कागद होता. घडीवरून नख जरा जोरात फिरलं की फाटायचा. देवळाली कॅम्पकडे तोफांचा सराव सुरू झाला की आमची खिडकी थरथरायची, आणि एखादा तुकडा सैल असेल तर तेव्हाच निसटायचा. जो गोळा सरावाचा अख्खा आठवडा फळीवर टिकला, तो खरा.

टिकलेला गोळा गुलाबी होता. विंचूरच्या बाजूला एका गावात आमच्या लोकांना विहिरीवर येऊ देत नव्हते, त्याबद्दलचं ते पत्रक. कुठल्या शिखरावर कुठला शब्द येईल हे मी घडी घालण्याआधी ठरवत असे. एका शिखरावर ‘पाणी’, शेजारी ‘माणूस’, एकावर नुसतंच ‘का?’. गोळा कसाही फिरवला तरी काहीतरी वाचावंच लागे. सरांनी तो जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला.

जाण्याच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापकांनी तो हातात घेऊन फिरवला. एकदा, मग पुन्हा.

“हा काय प्रचार आहे का?”

“भूमिती आहे, सर,” गणिताचे सर म्हणाले.

“भूमितीला विहीर कशाला लागते?” त्यांनी गोळा टेबलावर ठेवला. “बाजारात रंगीत घोटीव कागद मिळतो. नाहीतर ही छापील बाजू आत घाला. असा जाणार नाही.”

बाहेर व्हरांड्यात सर मला हळूच म्हणाले, “आत घालू या ना. आकार तोच राहील. आत काय आहे ते आपल्याला माहीत असेलच.”

“आपल्याला आधीच माहीत आहे, सर.”

मी नाही म्हटलं. वाटलं होतं, बाबा माझ्या बाजूने एक पत्रक काढतील. खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाबांना बोलावणं आलं. घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

“एवढ्यासाठी भांडायचं नसतं, बाळ. त्यांना गोळा हवाय, छापील बाजू आत घालून. माझा कायम होण्याचा कागद तिथेच अडकलाय.”

“मग त्या गावातल्या लोकांनी कशाला भांडायचं?”

“ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमच्याच कागदांवर वाढवलीत ना तिला? आता वाकत नाही म्हणून का रडता?” मग माझ्याकडे वळून, “आणि तूही गप्प बस. कारकुनाच्या पगारातच जेवतेस.”

मी शेजारणीकडे निघून गेले. परत आले तर गोळा उकललेला होता. बाबा पलंगावर बसून एकेक तुकडा पूर्ण उघडत होते आणि जुन्याच घड्यांवरून उलटा मोडत होते, छापील बाजू आत. मला कसलंच कौशल्य दिसलं नाही, नुसती घाई दिसली. कागद फाटत होता. काही तुकडे त्यांच्या मांडीवर चिंध्या होऊन पडले होते. मी त्यांना थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

सकाळी ते स्वतः शाळेत आले, तुकडे पिशवीत घालून. फाटलेल्यांच्या जागी सरांनी घोटीव कागदाचे नवे तुकडे करून दिले. दोघे जोडायला बसले. सरांचे तुकडे सरांच्यात जात, बाबांचे बाबांच्यात. पण सरांचं टोक बाबांच्या खिशात शिरेना. बाहेर प्रदर्शनाला नेणारा टेम्पो उभा होता.

सरांनी दोन तुकडे शेजारी ठेवले तेव्हा कळलं. घडी उलटी मोडली की तुकडा आरशातला होतो. बाबांचे सगळे तुकडे डावे झाले होते, सरांचे उजवे. सरांनी एक डावा करून पाहिला, सवयीने तो पुन्हा उजवाच झाला. मी ते वर्षभर केलं होतं, दोन्ही बाजूंनी. टेम्पोवाल्याचा चहा होईपर्यंत मी कमी पडणारे सगळे डावे तुकडे करून दिले असते. तिघांनाही हे माहीत होतं.

“कर ना गं,” बाबा म्हणाले. त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“छापील बाजू बाहेर असेल तर करते.”

बाबांनी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहिलं. मग गोळ्याऐवजी टेम्पोत धरणाची थर्माकोलची प्रतिकृती चढली. तिला बक्षीस मिळालं की नाही, मी विचारलं नाही.

बाबा त्याच वर्षी कायम झाले. गोळा गेला नाही, तरी झाले. म्हणजे कदाचित त्याच्यावर काहीच अवलंबून नव्हतं. ते मी त्यांना बोलून दाखवलं, मुद्दाम, पेढे वाटत असताना.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतल्या नळांबद्दल नवं पत्रक आलं. बाबांनी नेहमीप्रमाणे वाटण्यासाठी माझ्यापुढे गठ्ठा धरला. मी आधी तिथेच उभी राहून ते पूर्ण वाचलं. ते समोर थांबले, निकाल लागायचा असावा तसे. मजकूर धारदार होता. एक शब्द खोटा नव्हता. मला तेच सहन झालं नाही. खोटा असता तर फाडून फेकता आला असता.

मी गठ्ठा घेतला आणि वाटायला निघाले. बाबांसाठी नाही. नळ कोरडे होते म्हणून.