सकाळी खडखडणारी ॲम्ब्युलन्स

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तीही सैन्यातून रिटायर झाल्यावर. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. आमच्या मॅडमनी वार्षिक अंकासाठी सैन्यातलं काहीतरी लिहा असं सांगितलं. मी कुठली लढाई लढलेलो नाही. मी हवालदार होतो, व्हेईकल मेकॅनिक. माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती एका इंजिनाची गोष्ट. ती वाचण्याइतकी मोठी आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

शेवटच्या पोस्टिंगला मी लोणावळ्याजवळच्या एका छोट्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तुकडीत, होतो. तीन गाड्या होत्या. दोन ट्रक आणि एक जुनी डिझेल ॲम्ब्युलन्स. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लान्स नाईक बबन केदारी. पवनेकडचा, म्हणजे माझ्याच मावळातला. तो त्याच हिवाळ्यात हाय अल्टिट्यूडवरून, उंचावरच्या बर्फातल्या चौकीवरून, बदलून आला होता. कमी बोलायचा, गाडी मात्र आरशासारखी ठेवायचा.

रोज सहाला फर्स्ट परेड. गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर ऑइल, पाणी, हवा, ब्रेक तपासतो आणि रिपोर्ट देतो. बबनचा रिपोर्ट ठरलेला होता; मला सगळे उस्ताद म्हणत. "ऑइल फुल, पाणी फुल, गाडी ओके, उस्ताद."

जानेवारीतल्या त्या सकाळी गवतावर दव साचलं होतं. दोन्ही ट्रक पहाटेच फायरिंग रेंजवर गेले होते. परेड चालू असताना कुकहाउसमधून निरोप आला की नाईक शेलार कणीक मळता मळता खाली बसला. शेलार आमचा स्वयंपाकी, साताऱ्याचा. छातीत कळ, अंगाला घाम. नर्सिंग असिस्टंटने तपासलं आणि हार्टचं आहे, पुण्याला न्यायला हवं, असं सांगितलं. बाहेरची ॲम्ब्युलन्स मागवली, पण पुण्याच्या उलट दिशेला, घाटात, ट्रेलर उलटला होता आणि ती त्याच्या मागे अडकली होती.

बबनने आमची गाडी सुरू केली. इंजिनातून जाड, खोल आवाज आला, लोखंडाच्या पिंपावर आतून कुणी हातोडा मारावा तसा. मिनिटभराने तो थांबला.

स्ट्रेचर आत चढवत होते. शेलारचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो बोलला, "उस्ताद, माझ्या छातीपेक्षा हिचीच धडधड जास्त हाय."

तुकडीचे प्रमुख सुभेदार साहेब म्हणाले, "आवाज बंद हो गया ना? निकालो."

मी म्हणालो, "साब, दो मिनट."

गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मुठीला कान टेकवला. वरचे व्हॉल्व्ह ठीक होते. आवाज खालून येत होता, बेअरिंगकडून. बेअरिंगचा आवाज म्हणजे ऑइल कमी, एवढं कुणीही सांगेल. मी डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. आम्ही सगळे कमी पडलं का तेवढंच बघायला शिकलेले. जास्त झालेलं ऑइल कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. मी थेंब बोटांवर चोळला. पाण्यासारखा पातळ, आणि वास डिझेलचा.

"बबन, रात्री गाडी चालू करतोस काय?"

"व्हय. दर दोन तासांनी, दहा मिनटं. वरची सवय हाय."

वर बर्फात इंजिन गोठू नये म्हणून तसं करावं लागतं. इथे त्याची गरज नाही, आणि नुसत्या दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळालेलं डिझेल पिस्टनच्या बाजूने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. महिनाभर हेच चाललं होतं. असं ऑइल एक्सप्रेसवेच्या वेगात तापलं की आणखी पातळ होणार, बेअरिंग घासणार आणि इंजिन जाम होणार. पेशंट मागे, गाडी रस्त्याच्या कडेला.

"कितना टाइम?" साहेबांनी विचारलं.

"पंद्रह मिनट. ऑइल बदलना पडेगा."

साहेबांनी शेलारकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करो."

मी आणि बबन गाडीखाली गेलो. ऑइल सोडायचा प्लग काढला. ऑइल टबमध्ये धो धो पडलं. माझी नजर ऑइलवर होती. बबन माझ्याकडे न बघता बोलला.

"वर एकदा सकाळी सुरूच झाली न्हाई, उस्ताद. मागं स्ट्रेचरवर दिनकर होता. माझा सेकंड ड्रायव्हर. तितंच गेला."

शेवटचा थेंब पडल्यावर त्याने प्लग परत बसवला.

नवं ऑइल भरलं, गाडी सुरू केली. ऑइल प्रेशरचा काटा वर गेला आणि तिथे थांबला. बेअरिंग आधीच खराब झालं असेल तर नव्या ऑइलने ते भरून येत नाही, हे मला माहीत होतं. स्क्रूड्रायव्हर लावून पुन्हा ऐकलं. ठोका नव्हता. मी म्हणालो, "साठच्या वर नेऊ नको. काटा पडला तर लगेच थांब." गाडी गेली. मला बरोबर जायचं होतं, पण साहेबांनी रेंजवरून एक ट्रक परत बोलावला होता. तो तपासून मागोमाग पाठवायचं काम माझं होतं.

ट्रक पाठवून मी रेडिओजवळ जाऊन उभा राहिलो. ऑपरेटर बबनला विचारत होता.

"लोकेशन बताओ. ओव्हर."

"उर्से टोल पार. ओव्हर."

"प्रेशर? ओव्हर."

"बराबर हाय. आवाज न्हाई. ओव्हर."

त्यानंतर गाडीतला रेडिओ रेंजबाहेर गेला. मी वर्कशॉपमध्ये परत आलो. टबातलं ऑइल फडक्यातून गाळलं. बेअरिंग घासून पडलेल्या धातूची चमक दिसते का ते बघायचं होतं. चमक दिसली नाही. तरी ते फडकं मी दोनदा उन्हात धरून पाहिलं. कुकहाउसमध्ये शेलारची अर्धी मळलेली कणीक दुसऱ्या कुणीतरी पुरी केली होती.

दुपारी बबनचा फोन आला.

"उस्ताद, शेलारभाऊ वाचले. डॉक्टर म्हणाले, येळंत आणलात. शुद्धीवर हायत. कणकीत मीठ घालायचं राह्यलंय म्हणून सांगा, म्हणतात."

मी स्टुलावर बसलो. त्यावर पाना होता, तो टोचला, तरी उठलो नाही. साहेब दारातच उभे होते. त्यांना मानेनेच हो म्हटलं. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. थंडीत त्यांना घाम आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

फोन अजून चालू होता.

"उस्ताद, येताना शिरगावात वळू का? दिनकरचं घर तितं हाय. त्येची आय असती. वरून आल्यापासून गेलो न्हाई."

"काय सांगशील तिला?"

"ते ठरवलं न्हाई. पण आज जातो."

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "उसको बोलो, आराम से आए."