वृत्तात न बसलेली ओळ

चौक गावच्या गॅरेजात ट्रकचं चाक उतरवत होतो, तेव्हा कर्जतहून आलेल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, "वामनमास्तर गेले रं… झोपेतच." त्याला आता महिना होत आला. हातचं काम टाकून मी तसाच बसून राहिलो. पण खरं सांगायचं तर त्यांची आठवण आली की मला रडू येत नाही, बरंच वाटतं.

मास्तरांनी मला शाळेत मराठी शिकवलं. पुढे मी फौजेत गेलो. लढाई संपल्यावर ब्रह्मदेशातून परतलो तो एक कविता घेऊन आणि थेट त्यांच्या ओसरीवर गेलो. आमच्याच पळसदरीचा बाळू, माझा जोडीदार, तिकडेच राहिला होता. त्याच्यावरची ती कविता. मास्तरांनी चष्मा लावला आणि मांडीवर ताल धरून वाचू लागले, "निघालो पहाटे नदीच्या दिशेने…"

"लगागा लगागा! भुजंगप्रयात रे! पलटण चालल्यासारखं चाललंय." खूश झाले. मग शेवटच्या ओळीवर त्यांचा हात अडला. ओळ होती, 'आणि बाळू पडला.'

"बारा अक्षरं हवीत, इथे सातच. असं कर… 'रणी वीर बाळू धरेला मिळाला.' बसलं की नाही?"

बसलं होतं. पण मला ते सोसेना. म्हटलं, "गुरुजी, तो लढताना नाय पडला. नदीवर पाणी प्यायला वाकला हुता."

 मास्तरांनी कविता पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. त्या ओळीशी आले, थांबले… "तुमची पावलं चालत होती तोवर वृत्त चाललं," ते हळू म्हणाले. "नंतर कसं चालेल? माझी ओळ खोडून टाक."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर पळसदरीला आले. बाळूच्या आईपुढे त्यांनी कविता वाचली आणि शेवटी तसेच गप्प बसले. मग मी नदीवरचं सांगितलं. मावशीनं मला विचारलं, "पानी पीत हुता म्हनतोस… प्याला का रं?"

"प्याला, मावशे. पोटभर."

"मग बरं," ती म्हणाली आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली.

पुढे दरवर्षी भुजंगप्रयात शिकवताना मास्तर तीच कविता घेत आणि शेवटच्या ओळीनंतर तसेच थांबत. परवा शाळेवरून जात होतो. वर्गात नवे मास्तर होते. मुलं एका सुरात म्हणत होती… 'आणि बाळू पडला.' नवे मास्तर पुढचं बोलायला गेले. पण सगळा वर्ग गप्प होता. मग तेही थांबले.