मुदत नको

१९ जानेवारी, रविवार. दुसऱ्या दिवशीच्या तारखेसाठी बँडला खळ लावत होते. वकिलाच्या गळ्यातली ती पांढरी पट्टी. सवयीनं दोन जोड्या केल्या, दुसरी अण्णांची, माझ्या सीनियरची. त्यांचा बँड कायम कुठंतरी राहून जायचा आणि कोर्टाच्या पायरीवर माझ्यापुढं हात यायचा, "सुनंदाबाई, द्या." अण्णांना जाऊन महिना उलटला. दोन्ही जोड्या दोरीवर घातल्या.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टातच होते. त्या दिवशी इर्फानच्या जामिनावर युक्तिवाद होता. हा पोरगा फ्रिज दुरुस्त करायचा. देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून त्याला उचललं, त्याला आता चौथं वर्ष लागलंय. खटला अजून सुरूच नाही. ही सुनावणी मिळावी म्हणून अण्णांनी अर्जामागून अर्ज केले होते... आणि अण्णा त्याच पहाटे झोपेत गेले. बार रूममध्ये शोकसभा झाली, दोन मिनिटं मौन, आणि वकील गेला की आमच्याकडं रिवाज आहे त्याप्रमाणं दिवसभर काम बंद. मी म्हणाले, "एवढी एक सुनावणी होऊ द्या." अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, अण्णांचा मान नको का?" झालं. अण्णांच्या मानापायी इर्फानला पुढची तारीख पडली.

याच रिवाजावरून अण्णा दर शोकसभेत भांडायचे. "दोन मिनिटं उभं राहा, लई झालं. आत बसलेल्या माणसाला आपल्या मरणाशी काय घेणं?" पोरं चिडवायची, "तुमच्या वेळंला बघू, अण्णा." "माझ्या वेळंला तर नायच नाय!" सगळे हसायचे. ऐकलं कुणीच नाही.

अण्णा मूळचे गंगापूरकडचे, शेतकऱ्याघरचे. हयात गेली वाटणीचे दावे आणि बांधाची भांडणं लढण्यात. इर्फानची आई, शमीमआपा, सगळ्या वकिलांच्या दारातून परत येऊन आमच्याकडं आली. अण्णांनी आधी चहा मागवला, मग कागद पाहिले. एक जुना मित्र समजवायला आला, "अण्णा, हा देशाचा प्रश्न आहे." अण्णा म्हणाले, "मंग? देश माझा नाय व्हय? पुरावा हाये तर मांडा, शिक्षा करा. नाय तर सोडा. वीतभर बांधासाठी आपण दोघांचं ऐकून घेतो, अन् पोराची जवानी चाललीय तर ऐकायचं नाय?" या केसपायी गावाकडचे दोन जुने पक्षकार आपले कागद परत घेऊन गेले. "बरं झालं, वेळ मिळंल," एवढंच अण्णा बोलले.

सरकारनं पुरावा बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दिला. आम्हाला दाखवला नाही, इर्फानलाही नाही. अण्णा भर कोर्टात म्हणाले, "साहेब, ज्यानं उत्तर द्यायचं, त्यालाच प्रश्न दाखवत नाहीत. ही कसली परीक्षा?"

लोक मला विचारतात, इर्फान निर्दोष आहे का? मला माहीत नाही. अण्णांनाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही, कारण तपासून पाहिलेलंच नाही. ज्यांना त्याच्या गुन्ह्याची एवढी खात्री आहे, त्यांना खटल्याची भीती का वाटते, हे मात्र मला कुणीतरी सांगावं.

सोमवारी सकाळी शमीमआपा पायरीवरच उभ्या होत्या. "बेटा, वकीलसाब तो गए... अब फिर तारीख पडती क्या?"

"नहीं पडने देती, आपा. चलो अंदर."

पुकारा झाला. सरकारी वकील उठले. माणूस सभ्य. म्हणाले, "अण्णांच्या जाण्यानं मॅडमवर सगळा भार आलाय. त्यांनी मुदत मागितली तर आमची हरकत नाही." न्यायाधीशांनी तारीख लिहायला पेन उचललं.

"मुदत नको, साहेब," मी म्हणाले. "अण्णांचं सुतक तेराव्याला फिटलं. आत बसलेल्याचं फिटलेलं नाही."

न्यायाधीशांनी घड्याळाकडं पाहिलं. "किती वेळ घ्याल?"

"अण्णांनी घेतला असता तेवढा."

पेन खाली ठेवलं गेलं. माझ्या कोटाच्या खिशात दुसरी जोडी होती, खळीनं कडक झालेली. मी इर्फानचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि बोलायला सुरुवात केली.