विलासरावांची मिशी आणि आमचं विमान

माझ्या साडूने मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा एकाच विमानात.

साडू म्हणजे विलासराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतात आणि खाली उतरले तरी त्याच उंचीवरून बोलतात. मी डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो. खोपटला एसटी डेपोजवळ माझं नट-बोल्ट, दोर आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सुरुवात फुटपाथवर गोणपाट अंथरून केली होती, हे मी कोणी न विचारताही सांगतो. घासाघिशीत मला आजवर कोणी हरवलेलं नाही. (मला लांबून बघून भाजीवाल्या पाट्या झाकतात, असं माझी बायको मंदा म्हणते. तिने हे चार लोकांत सांगायची गरज नव्हती.)

विलासरावांची खडवलीला थोडी जमीन आहे. तिथे त्यांना 'विमान ढाबा' काढायची लहर आली आणि एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावातून त्यांनी जुनं विमान उचलून आणलं. हवाई दलात शिकाऊ वैमानिकांनी वापरलेलं एचटी-टू. नाकावर पंखा, एकामागे एक दोन खुर्च्या, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं. पंखांच्या सावलीत बसून लोक चहा पितील, असा बेत होता. वर्षभरात तिथे फक्त बकऱ्या बसल्या.

"दत्ताराव, तुम्हीच घेऊन टाका," विलासराव म्हणाले.

मला त्या विमानात निव्वळ ॲल्युमिनियम दिसत होतं. तीन आठवडे मी भाव पाडत होतो. तीनदा मी "राहू दे" म्हणून उठून निघालो आणि तीनदा त्यांनी मला लिफ्टपासून परत बोलावलं. चौथ्यांदा ते स्वतःच उठून निघाले, तेही स्वतःच्या घरातून. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण शेवटी मी म्हणेन त्या भावात विमान मिळालं, शिवाय हवं तितके दिवस तिथेच ठेवायची मुभा. मी गड जिंकल्यासारखा घरी आलो.

पुढच्या रविवारी सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, विमान दाखवायला नेलं. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे, हवाई दलातले निवृत्त फिटर. त्यांनी विमानाच्या नाकावरचं झाकण उघडलं. आत साळुंकीचं घरटं होतं. बाकी काही नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. "विलासराव, इंजिन कुठाय?"

"इंजिन? तुम्ही विमान म्हणालात. इंजिन म्हणालातच कुठे?"

"अहो, विमानात इंजिन धरलेलं असतं."

"तुम्ही भाव इतका खाली आणलात, मला वाटलं तुम्ही इंजिन धरलंच नाहीत."

मी फोन आपटणार होतो, पण तो माझाच होता.

तिथल्या तिथे मी कटरवाल्याला बोलावलं आणि सगळं भंगारात घालायचं ठरवलं. पण आप्पा विमानाच्या पंखावर तळवा ठेवून उभे होते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"जावईबापू," ते म्हणाले, "बावीस वर्षं मी ही विमानं सुरू करून दिली. चाकाचे ठोकळे काढायचे आणि बाजूला व्हायचं. पुढे ती गेली की मी तिथेच. एकदा तरी आत बसून निघावं, असं फार वाटायचं."

कटरवाल्याला मी आल्या पावली परत पाठवलं. त्याने येण्या-जाण्याचे मागितले, तेव्हा आमचं वाजलं, पण तो विषय वेगळा.

तिथून पुढे तीन वर्षं आमचे सगळे रविवार खडवलीला गेले. आप्पा सांगायचे, मी रिव्हेट ठोकायचो. पहिल्या वर्षी मी कुरकुरलो, दुसऱ्या वर्षी बिघडलो. जेवताना मोबाइलवर जुन्या लढाऊ विमानांचे व्हिडिओ बघू लागलो. नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखायला लागलो. गिऱ्हाईक दोन बोल्ट मागायला आलं की त्याला पंखाच्या सांगाड्याबद्दल सांगायचो. मग ते तिसरा बोल्ट दुसऱ्या दुकानातून घ्यायचं.

इंजिन मात्र मिळेना. अखेर कल्याणच्या एका दलालाने कळवलं, एक आहे. मी त्याला असा पिळला, असा पिळला, की शेवटी तो म्हणाला, "शेठ, तुमच्याकडून शिकायला पाहिजे." मी ते वाक्य घरी तीनदा सांगितलं.

इंजिन आलं. आप्पांनी चष्मा पुसून त्यावरचा नंबर वाचला, विमानाच्या जुन्या नोंदवहीशी ताडून बघितला आणि टाळी वाजवली. "जावईबापू, हे याच विमानाचं इंजिन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नवरा-बायकोची पुन्हा गाठ पडली."

आप्पा खूश. माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडत होता. दलालाला धरला तर तो सरळ म्हणाला, "घोडबंदरचे साहेब आहेत ना, मिशीवाले, त्यांच्या गोडाऊनमध्ये पडलं होतं."

त्याच संध्याकाळी मी सत्ताविसाव्या मजल्यावर पोचलो. घरात पाहुणे होते. बरंच झालं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्याच विमानाचं इंजिन मलाच विकलंत?"

विलासराव सोफ्यावरून हललेही नाहीत. "दत्ताराव, शांत व्हा, पाणी प्या. इंजिन बसवलं म्हणून काय विमान चालतं? तो सांगाडा स्वतःच्या ताकदीने वीतभर जरी पुढे सरकला ना, तर ही मिशी उतरवीन."

बोलणं साधं नव्हतं. विलासरावांची मिशी म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. तिला स्वतंत्र कंगवा आहे, स्वतंत्र तेल आहे, आणि फोटो काढताना आधी तिला विचारतात.

"ठरलं," मी म्हणालो. "दसऱ्याच्या दिवशी. आणि नाही सरकलं, तर मी माझी मिशी उतरवीन आणि दुकानावर पाटी लावीन, की मला माझ्या साडूने दोनदा फसवलं."

मिशीचं सोडा, ती परत उगवते. पण खोपटच्या बाजारात अशी पाटी लागली असती तर मला दुकान बंद करून गोणपाटावर परत यावं लागलं असतं.

दसऱ्याला सगळे खडवलीला जमलो. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी नियम सांगितले. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, शेपटी दोराने आंब्याला बांधलेली. आधी दहा मिनिटं इंजिन तापू द्यायचं. मग ते हात वर करतील, तेव्हा दोर सोडायचा, ठोकळे काढायचे आणि विमान हळूच वीतभर सरकवायचं. ब्रेक अजून जोडलेले नव्हते. ते पुढच्या रविवारचं काम होतं.

दोर माझ्याच दुकानातला. 'खुशाल हत्ती बांधा' असं सांगून मी तो विकतो. आजवर कोणी हत्ती बांधला नव्हता, त्यामुळे बोभाटा झाला नव्हता.

विलासराव पांढराशुभ्र सदरा घालून, मोजायची टेप घेऊन आले. त्यांनी चाकापुढे चुन्याची रेघ ओढली (चुना लावण्यात त्यांचा हात कोण धरणार) आणि चाकं नीट दिसावीत म्हणून शेपटीमागे मोबाइल रोखून उभे राहिले. मंदाने विमानाच्या नाकाला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

"अहो, चाकाखाली लिंबू ठेवा."

तीन चाकांसाठी मी लिंबं आणली होती. (तीन घेतली, चौथं फुकट घेतलं. ते खिशात होतं.) मी वाकलो. बघतो तर पुढच्या चाकांशी ठोकळे. आता मला सांगा, ठोकळा असताना लिंबू चिरडणार कसं? आजवर तीन टेम्पो घेतले, तिन्हींच्या चाकांखाली मी स्वतःच्या हाताने लिंबू ठेवलंय. लिंबू चिरडलं नाही तर पूजा फुकट. मी दोन्ही ठोकळे काढून बाजूला ठेवले आणि तिथे लिंबं नीट बसवली. आप्पा आत बसले होते. त्यांना माझी फक्त पाठ दिसली. त्यांना वाटलं, मी नमस्कार करतोय.

त्यांनी बटण दाबलं.

इंजिन दोनदा खोकलं, धूर सोडला आणि गरजलं. खडवलीचे कावळे उडाले. माळेतला झेंडू पाकळी पाकळी होऊन मागे सुटला. त्यामागे मंदाच्या ताटातलं हळदकुंकू उडालं आणि ते सगळंच्या सगळं विलासरावांच्या सदऱ्याला आणि मिशीला अर्पण झालं. मी आनंदाने नाचत होतो, तेवढ्यात लिंबं फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझा दोर तुटला.

विमान निघालं.

चुन्याची रेघ गेली. मंदा ओरडली, "अहो, धरा ना." काय धरू? शेपटी धरायला गेलो, ती मला चार पावलं ओढत घेऊन गेली आणि मग सोडून गेली. विमान थेट मेहुणीने, म्हणजे विलासरावांच्या नंदाताईंनी, लावलेल्या भेंडीत शिरलं. खरर्र करत पहिली रांग गेली, दुसरी गेली, तिसरी अर्धी. हिरवे तुकडे आभाळात. मग चाकं भुसभुशीत मातीत रुतली, आप्पांनी इंजिन बंद केलं, आणि इतकी शांतता झाली की शेवटची भेंडी पडलेली ऐकू आली.

आम्ही धावलो. आप्पा आत ताठ बसले होते. केसांत भेंडी, डोळ्यांत पाणी.

"जावईबापू, ठोकळे कोणी काढले?"

"मी. लिंबासाठी."

"आमच्याकडे असतात तर कोठडीत टाकलं असतं." मग ते हसायलाच लागले. "पण बाजूला उभं राहावं लागलं नाही बरं का या वेळी. निघालो."

नंदाताई भेंडीकडे बघत म्हणाल्या, "चिरायचे कष्ट तरी वाचले."

लाल-पिवळे विलासराव टेप घेऊन आले. टेप पुरेना, म्हणून पावलं मोजली. एक्केचाळीस.

"उतार आहे," ते म्हणाले. "घरंगळलं ते."

मी खिशातून चौथं लिंबू काढलं, फुकटचं. भेंडीच्या कडेला जमिनीवर ठेवलं. ते गडगडत उलट्या दिशेला, जिथून विमान निघालं होतं तिकडे गेलं. विमान चढावर चढलं होतं.

विलासरावांनी टेप गुंडाळली. "पण आपलं वीतभर ठरलं होतं. एक्केचाळीस पावलं ठरलीच कुठे होती?"

तेव्हा आप्पा विमानातून म्हणाले, "विलासराव, मिशी." आवाज हवाई दलातला होता.

विलासरावांनी मान खाली घातली. माझ्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हरलो. आजच पूर्ण उतरवतो."

तीन वर्षांची माझी मेहनत, दोनदा झालेली फसवणूक, सगळ्याचा हिशेब त्या एका वाक्यात चुकता होत होता. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण समोरच्याने पहिला आकडा सांगितला की माझं तोंड माझं राहत नाही. तीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "पूर्ण म्हणजे फारच होतंय. थोडं कमी करा."

"निम्मी?" विलासराव तत्काळ म्हणाले.

"ठीक," मी म्हणालो, आणि मग मला कळलं.

त्यांनी दोन्ही बाजू छाटून बारीक मिशी ठेवली. आता घोडबंदर रोडला जो तो म्हणतो, विलासराव दहा वर्षांनी तरुण दिसतात. विमान आमचं धावलं, हरले ते, आणि देखणेही तेच झाले. उरलेल्या निम्म्या मिशीचा जाब मला कोणीतरी दिलाच पाहिजे, असं मी रोज घरात ठणकावून सांगतो. मंदा माझ्या हातात आरसा देते आणि भेंडी चिरायला बसते.