पॉलिसीचे पेढे

आज माझी विम्याची पॉलिसी मंजूर झाली. कॅन्सरनंतरची आहे, हप्ता जास्त आहे, पण झाली!

उपचार संपून काही वर्षं लोटल्यावर मी आधी वरच्या मजल्यावरच्या गोखल्यांनाच विचारलं होतं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे विमे त्यांनीच उतरवलेत. जिन्यात, चार बायकांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मध्येच गेलात तर माझं रेकॉर्ड खराब होईल हो."

शेवटी प्राची नावाच्या नव्या एजंट मुलीनं माझं काम केलं. पॉलिसी झाली की एजंट ओळखीच्यांची नावं मागतात, तशी तिनंही मागितली. म्हटलं, "नावं कसली घेतेस? चल, भेटवतेच." पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिला घरोघरी नेलं. गोखल्यांचं एकही गिऱ्हाईक सोडलं नाही.

शेवटची बेल त्यांचीच वाजवली. "घ्या पेढा. रेकॉर्ड कसंय तुमचं?"

"नंतर खातो," म्हणाले.

"आत्ताच खा. मी थांबते."

खाईपर्यंत दारातून हलले नाही.

नवरा म्हणतोय, एवढी खुन्नस बरी नव्हे. असेल. बॉक्समध्ये अजून दोन पेढे उरलेत. तुमच्याकडे आहे का असं कोणी?