गाडीचं कुंकू

नाल्यातून मोटार वर आली आणि आचके देत बंद पडली. मागच्या सीटवर बायकोला कळा येत होत्या, शेजारी सासूबाई. अहेरीचा दवाखाना लांब, भोवती सागाचं रान आणि सूर्य झाडांमागे गेलेला. मी उतरून बॉनेट उघडलं.

आमचा गोरा साहेब विलायतेला परतला तेव्हा त्याची ही जुनी मोटार मी हौसेने घेतली होती. बायको तिला सवत म्हणायची.

पेट्रोल येत होतं. प्लगची तार काढून लोखंडाजवळ धरली आणि सासूबाईंना हँडल मारायला सांगितलं. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती बाई पदर खोचून हँडलला भिडली. ठिणगी नाही. पॉइंट पुसले, कॉइलची तार घट्ट केली. तरी नाही. इंजिनाला शिव्या घातल्या. मागून बायको कण्हली तसा गप्प झालो.

करंट कुठेतरी गळत होता, आणि गळता करंट अंधारातच दिसतो. कंदील बायकोपाशी ठेवून मी डोक्यावरून घोंगडी ओढली आणि बॉनेटमध्ये वाकलो. तेवढ्यात रानात वानरं खाकरू लागली. वाघ दिसला की ती तशी ओरडतात. माझी पाठ उघडी, आणि मला काहीच दिसत नव्हतं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"फिरवा," मी कसंबसं म्हणालो.

हँडल फिरलं. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवरून एक निळी रेघ सरपटत लोखंडात उतरली. कंदील आणून पाहिलं तर टोपीवर ओलं हळदकुंकू. दसऱ्याला चाकं-दिवे पुजून सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं. गाडीचा जीव आत, म्हणून तिथेही बोटं ओढली होती. नाल्याचं पाणी उडून ते भिजलं, आणि करंट त्यातून पळत होता.

मी रुमाल काढला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुकू नोका पुसू, बापू. तिकडे वाघ हाये, अन् तुमी असे उघड्यावर उभे."

"नाही पुसलं तर इथेच राहू."

असल्या गोष्टींना हसणारा मी, पण हात पुढे होईना. शेवटी त्यांनीच ते कुंकू बोटावर निपटून घेतलं आणि जाऊन लेकीच्या कपाळावर टेकवलं. मग मी टोपी कोरडी केली.

ती बसवून मान वर केली तर सासूबाई माझ्याकडे पाठ करून, माझ्या आणि रानाच्या मधे उभ्या होत्या. हँडल काठीसारखं धरलेलं. ते मला त्यांच्या मुठीतून सोडवून घ्यावं लागलं. गाडी लगेच सुरू झाली.

दवाखान्यात मुलगी झाली. आम्हाला आत सोडलं तेव्हा नर्स ओल्या फडक्याने बायकोचा चेहरा पुसत होती. सासूबाईंच्या आधी मीच बोललो, "कपाळ राहू द्या, बाई."